सामान द्यायला आलेला माणूस

जिभाऊ, तुमच्या हातांचा पिवळा रंग शेवटच्या आंघोळीतही निघाला नाही, असं बाबांनी सांगितलं. नखांच्या कडा, बोटांची पेरं, तळहाताच्या रेषा. त्यांनी साबण लावून दोनदा घासलं आणि मग राहू दिलं. मी तेव्हा तिथे नव्हते. निरोप सकाळीच होस्टेलवर आला होता. बडोद्याहून सुरत काही लांब नाही, गाडी मिळाली असती. पण मी दुपारपर्यंत लॅबमध्ये बसून राहिले. तुमच्या तोंडाकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. डोळे मिटलेल्या तोंडाकडेसुद्धा.

आता लिहितेय, कारण आता तुम्ही मला अडवू शकत नाही. असता तर दुसऱ्याच वाक्याला म्हणाला असता, "जाऊ दे पोरी, काय मोठं व्हई गयं?" मोठंच झालं होतं, जिभाऊ. तुम्हालाही ते माहीत होतं.

तसे तुम्ही आमचे कोणी नव्हता. सुरतच्या लिंबायतमध्ये आमच्या खोलीला लागून तुमची खोली, मधे एकच भिंत. दोन्ही घरं धुळ्याकडची, एवढंच नातं. बाबा लूमवर, तुम्ही कतारगामला जरीच्या धाग्याच्या रंगखात्यात. जरीच्या आत रेशमाचा पिवळा धागा असतो आणि त्यावर मुलामा दिलेली तार गुंडाळतात, हे मला तुम्हीच सांगितलं. आतला पिवळा नीट बसला तर वरचं सोनं खरं वाटतं. हा आतला, कोणाला न दिसणारा पिवळा तुम्ही वीस-बावीस वर्षं रंगवलात.

सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षीची, त्र्याण्णवची गोष्ट. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. मोठमायला, म्हणजे तुमच्या बायकोला, ताप होता म्हणून आईने तुमचा डबा माझ्याकडे दिला. मी कारखान्यात आले तर तुम्ही मागच्या गोदामात गोणपाट डोक्यावर घेऊन उकिडवे बसला होता. मला वाटलं चक्कर आली. तुम्ही गोणपाटातून हात बाहेर काढून मला आत ओढलंत. "संगी, आठे ये. दख."

आत एक जांभळा दिवा होता, वहीएवढा. शेजारच्या हिऱ्याच्या कारखान्यातून मागून आणलेला. त्या दिव्याखाली काही हिरे निळे चमकतात, मग त्यांचा भाव उतरतो, म्हणून ते कारागीर तो ठेवतात. तुम्ही तो धाग्यासाठी आणला होता. रंग कुठे कमी बसला ते उन्हात कळत नाही, या दिव्यात कळतं, हे तुमचं तुम्ही शोधून काढलं होतं. तुम्ही आधी कोरं रेशीम धरलंत. ते निळसर दिसलं. मग रंगवलेली लडी धरलीत, आणि ती लिंबाच्या सालीसारखी हिरवी-पिवळी पेटली. मी "अय्या" म्हणाले. मग तुम्ही काचेच्या पेल्यात त्याच टाकीतलं रंगाचं पाणी धरलंत. काही नाही. पिवळं पाणी, पण दिव्यात काळं.

"पानीम्हा मुका शे," तुम्ही म्हणालात. "धागावर बोलस. काबर?"

मला उत्तर येत नव्हतं, आणि येत नाही म्हणायची सवयही नव्हती. आख्ख्या गल्लीत सायन्सला गेलेली मी एकटी. मी सांगून टाकलं की पाण्यात रंग पातळ असतो आणि धाग्यावर दाट, म्हणून तसं दिसतं, यात विशेष काही नाही. तुम्ही मान हलवलीत. डबा खाल्लात. मला वाटलं, संपलं.

चार दिवसांनी संध्याकाळी तुम्ही दोन बाटल्या घेऊन आमच्या ओट्यावर आलात. एकीत पाणी, दुसरीत मोठमायच्या टाचांच्या भेगांना लावायचं ग्लिसरीन. डोळ्यांच्या औषधाच्या ड्रॉपरने दोन्हींत एकेक थेंब रंग टाकलात, माझ्यासमोर, बाबांना मोजायला लावून. तोच रंग, तेवढाच थेंब, तेवढंच माप. दिवा तुम्ही पिशवीतून आणला होता. आम्ही तिघं आमच्या खोलीत पलंगाखाली डोकी घालून पडलो. पाण्याची बाटली काळी, ग्लिसरीनची हळूहळू उजळली.

"आते पातळ कोन्ती, दाट कोन्ती?" तुम्ही विचारलंत.

मी चिडले. म्हणाले, ग्लिसरीनमध्ये काहीतरी मिसळलेलं असेल. तुम्ही रागावला नाहीत. हसून म्हणालात, "तू शिकेल शेस, मी दखेल शे. दोन्ही मिळीसन कळी." तू शिकलेली आहेस, मी पाहिलेलं आहे, दोघांचं मिळून कळेल. मी ते वाक्य नंतर कितीदा आठवलं असेल. त्यातलं "दोन्ही मिळीसन" मात्र मी सोयीने विसरले.

उत्तर मला तीन वर्षांनी मिळालं, बडोद्याला एम.एस्सी. करताना, एका जाड पुस्तकात. सुट्टीत आल्याबरोबर बॅग टाकून मी तुमच्याकडे पळाले होते, आठवतं? त्या रंगाच्या कणाला दोन पंख असल्यासारखे असतात. प्रकाश मिळाला की कण ते पंख हलवतो आणि सगळी ताकद त्या हलण्यातच घालवतो. पाण्यात त्याला अडवणारं कोणी नसतं. ग्लिसरीन घट्ट, रेशीम तर त्याला आवळूनच धरतं. हलता येत नाही, मग घेतलेली ताकद तो उजेड म्हणून परत देतो.

तुम्ही ऐकत होता आणि दोन्ही कोपरं अंगाशी दाबून बसला होता, तो कण स्वतःच असल्यासारखे. "म्हनजे कोणी धरं, की बोलस," तुम्ही म्हणालात. मला तेव्हा तुमचा किती अभिमान वाटला होता ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. चांगलंही सांगायचं राहिलं, जिभाऊ. फक्त वाईटच राहिलं असं नाही.

त्याच पुस्तकात आणखी एक पान होतं. तुमच्या पिवळ्याचं नाव, आणि तो बनवणाऱ्या कामगारांना होणाऱ्या लघवीच्या पिशवीच्या आजाराचं नाव, एका ओळीत. मी तुम्हाला म्हटलं, हातमोजे घालत जा. तुम्ही म्हणालात, "हातमोजा घालीसन धागा कळत नही." मला ते वाक्य आवडलं. मी ते वहीत उतरवून घेतलं. हातमोजे आणून दिले नाहीत, ते पान वाचून दाखवलं नाही, दुसऱ्यांदा म्हटलंही नाही. तुम्हाला तोच आजार झाला. कशामुळे, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मलाही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण मला माहीत होतं आणि तुम्हाला नव्हतं, एवढं खरं.

मग मी पीएच.डी.ला लागले. आमच्या सरांचा विषय आरएनए. नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात मी तुम्हाला तो ओट्यावर बसून समजावला होता. पेशीत जनुकांवरून नकला निघतात, त्या नकला म्हणजे आरएनए. चिठ्ठ्याच म्हणा. त्या कुठे निघतात, कुठे जातात, किती टिकतात, हे बघायचं तर दिसत नाहीत, कारण त्यांना रंगच नाही. पेशी मारून, फोडून मोजता येतात. जिवंत पेशीत फिरताना दिसत नाहीत.

मग मी तुम्हाला एक गंमत म्हणून सांगितलं की परदेशात काही लोकांनी आरएनएचे कोट्यवधी वेगवेगळे तुकडे बनवले आणि ते कापडाच्या निळ्या रंगावर ओतले. रंग मण्यांना चिकटवून ठेवलेला. जे तुकडे रंगाला धरत नाहीत ते धुऊन टाकायचे, जे धरतात ते वाढवायचे, पुन्हा ओतायचे, पुन्हा धुवायचे. असं करत करत शेवटी नेमका तोच रंग पकडणारा तुकडा हाती येतो.

"हाई ते धुलाईनं काम शे," तुम्ही म्हणालात. यातलं काहीही अवघड वाटलं नाही तुम्हाला. मग सुपारी कातरता कातरता थांबलात. "निळा काबर?"

"काबर म्हणजे? त्यांनी तो घेतला."

"निळा धरीसन काय फायदा? धरा तरी मुकाच. आपला पिवळा धराले लावा. धरा की उजेड पडी. मंग तो तुकडा तुन्ही चिठ्ठीले बांधी दे. चिठ्ठी जथी जाई, तथा उजेड."

जिभाऊ, मी दोन वर्षं त्या लोकांचे शोधनिबंध वाचत होते. निळ्याच्या जागी पिवळा घ्यावा, म्हणजे पकड आणि उजेड एकाच वेळी मिळेल, तो तुकडा आरएनएच्या शेपटाला जोडावा आणि मग आरएनए स्वतःच दिसेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुमच्या आलं, सुपारी कातरताना. मी काय म्हणाले ते मला नीट आठवतं. मी म्हणाले, "असं इतकं सोपं नसतं, जिभाऊ."

आणि बडोद्याला गेल्यावर पहिल्या आठवड्यात ते चार पानांत लिहून सरांना दिलं.

सेमिनार झाला. माझं इंग्रजी अडखळलं, पण शेवटच्या चित्रावर, शेपटाला पिवळा ठिपका लावलेल्या आरएनएवर, मागच्या रांगेतले लोकसुद्धा सरसावून बसले. सर सहसा कौतुक करत नाहीत. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "रंगाचा हा गुण तुला कुठून सुचला? आपल्याकडे तर कोणी रंगांवर काम करत नाही."

मला खरं सांगायला तीन शब्द पुरले असते. शेजारच्या जिभाऊंनी सांगितलं. मी म्हणाले, "वाचता वाचता सुचलं, सर." टाळ्या वाजल्या. खोटं बोलायला माझा आवाजसुद्धा कापला नाही, हे मला आजही समजत नाही. त्या खोलीत सगळे प्राध्यापकांची, डॉक्टरांची मुलं होती. मला वाटलं, लिंबायत, रंगखातं, गोणपाट हे सगळं एकदा बोलले की चित्रातला पिवळा ठिपका मळेल.

त्यानंतर तुम्ही आलात.

मी घरच्या पत्रात लिहिलं होतं की रंगाच्या कामाला सुरुवात झाली. ते बाबांनी तुम्हाला वाचून दाखवलं असणार. तुम्ही एक दिवसाची रजा टाकलीत आणि बडोद्याला आलात. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. एका हातात आईने दिलेल्या पापडांची पिशवी, दुसऱ्या हातात बुटाचं खोकं. मी लॅबच्या दारात आले तर तुम्ही खोकं उघडूनच उभे. आत कापसात ठेवलेल्या सहा छोट्या बाटल्या. "हिरवा बी तसाच शे संगी, जांभळा बी थोडा. लाल नही. मी बठ्ठा दखी लिधात." तुम्ही सगळे रंग तपासून आणले होते. पाण्यात, ग्लिसरीनमध्ये, धाग्यावर. प्रत्येक बाटलीवर चिकटवलेल्या कागदावर शेठच्या मुनीमाकडून गुजरातीत नावं लिहून घेतली होती.

तेवढ्यात सर आले. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं, तुमच्या पिवळ्या हातांकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं. "कोण छे?" त्यांनी मला विचारलं. रागाने नाही, कुतूहलानेच. त्या क्षणी मी तुम्हाला पुढे करून सांगितलं असतं तर सर खुर्ची देऊन तुमच्याशी तासभर बोलले असते. ते तसेच आहेत. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी तुमच्या हातातल्या खोक्याचं झाकण लावलं. आणि म्हणाले, "गामना छे, सर. सामान आपवा आव्या छे." गावाकडचे आहेत, सामान द्यायला आलेत.

तुम्हाला गुजराती माझ्यापेक्षा चांगली येत होती. तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत, फार वेळ नाही. मग सरांना हात जोडून म्हणालात, "हा साहेब, सामान आपवा ज आव्यो छुं."

माझं खोटं तुम्ही तुमच्या तोंडाने पुरं केलंत.

सर आत गेले. मी म्हणाले, "चहा घेऊ चला." तुम्ही म्हणालात, चारची गाडी मिळते का बघतो. खोकं माझ्या हातात देताना मात्र सांगितलंत, हिरव्याची बाटली उन्हात ठेवू नको. जिना उतरताना तुम्ही शर्टाच्या बाह्या ओढून बोटांपर्यंत आणल्यात. ते मी वरून पाहिलं. खाली धावत यावंसं वाटलं आणि मी आले नाही.

पुढे वर्षभर आपण भेटलो की पावसापाण्याचं बोलायचो. तुम्ही कामाबद्दल कधी विचारलं नाही. आधी तुम्ही दर सुट्टीत पहिला प्रश्न तोच विचारायचा. मी वाट बघायची, तुम्ही विचाराल, मग मी सगळं सांगेन. मी चूक केली होती आणि बोलायची पहिली पाळी तुमच्यावर टाकून बसले होते.

दवाखान्यात शेवटचं भेटले तेव्हा तुम्ही फार बारीक झाला होता. उशाशी मोसंबी होती, ती तुम्ही मला सोलून द्यायला लावलीत आणि अर्धी मलाच खायला घातलीत. मी तोंड उघडलं होतं, जिभाऊ. "जिभाऊ, त्या दिवशी बडोद्याला" एवढं मी बोलले. तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली. ती दोन मिनिटांत गेली. पुढचं वाक्य बोलायला माझ्याकडे तासभर होता. मी विचारलं, "जेवण जातं का?" तुम्ही म्हणालात, "जास थोडं थोडं."

तुमच्या दहाव्यानंतर मी बडोद्याला गेले आणि थेट सरांच्या टेबलापाशी उभी राहिले. सगळं सांगितलं. गोदाम, दिवा, ग्लिसरीन, सुपारी, तुमचा प्रश्न, माझं उत्तर. सरांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "ते आले होते, तेच का?"

"हो."

"मी त्यांच्याशी बोललो असतो."

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी वार्षिक अहवालाचा कच्चा मसुदा काढला, माझ्या कामाचं पान उघडलं आणि कल्पना कोणाची ते लिहायला एका ओळीची जागा केली. "पूर्ण नाव सांग."

मी म्हणाले, "जिभाऊ."

"ते नाव नाही ना. नाव काय?"

मला माहीत नव्हतं. आडनाव माहीत होतं, पाटीवर होतं तेवढं. गल्लीत लहान-मोठे सगळे तुम्हाला जिभाऊ म्हणायचे. वडीलधाऱ्याला आपल्याकडे म्हणतात तसं. वीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहून मी तुमचं नाव कधी विचारलं नव्हतं. बाबांना विचारता आलं असतं. पण मोठमायसमोर मला जायचंच होतं, नाहीतर हेही मी मागच्या दाराने उरकलं असतं.

परवा गेले. ती तांदूळ निवडत होती. मी खाली बसले आणि सरांना सांगितलं ते सगळं तिला सांगितलं. तिने ताटावरून मान वर केली नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "माले माहीत शे."

"काय माहीत आहे?"

"बडोदाथून उनात त्या रोजले बोलनात. म्हणे, संगीले आपली लाज वाटस." बडोद्याहून परत आलात त्याच दिवशी तुम्ही तिला सांगितलं होतं. तिने एक खडा काढून बाजूला ठेवला. "मंग म्हणे, वाटू दे. काम करी ऱ्हायनी ना."

मी रडले. तिने मला जवळ घेतलं नाही, आणि घ्यायला नकोच होतं. मग तिने विचारलं, "मंग उजेड पडना का?"

"नाही अजून," मी म्हणाले. हे तुम्हालाही सांगायला हवं. आठ वेळा पिवळ्यावर ओतलं, धुतलं, वाढवलं. पकडणारे तुकडे मिळालेत, पण सैल पकडतात, दिव्याखाली नळी काळीच राहते. नवव्यांदा करणार आहे. होईलच असं नाही.

"मंग आते काय पाहिजे तुले?"

मी वही काढली आणि सांगितलं, सरांनी पूर्ण नाव मागितलंय. तुमचं नाव कागदावर जाणार आहे.

तिचा तांदळातला हात थांबला. ज्या बाईने लग्नापासून नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही, रेशनच्या रांगेतसुद्धा शेजारणीला पुढे करून सांगायला लावलं, तिला मी काय मागतेय हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी म्हणाले, "राहू दे मोठमाय, मी बाबांना विचारते."

"बाबाले काबर?" ती म्हणाली. तिने ताट खाली ठेवलं, पदर सारखा केला. कपाळ मोकळं होतं. "आजलगून त्यासनं नाव मी लिधं नही. लिख."

आणि तिने नाव घेतलं. धुडकू सुकलाल. एकदा घाईत, पुटपुटल्यासारखं. माझं पेन हललं नाही म्हणून पुन्हा एकदा, स्पष्ट, भिंतीपलीकडे आईलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मी लिहिलं. तिला वाचता येत नाही. तिने वही हातात घेतली, उलटी-सुलटी पाहिली आणि मला परत दिली. "वाची दखाड," ती म्हणाली. "बराबर लिखं का ते."

मी वाचून दाखवलं, जिभाऊ. एवढ्या वर्षांत मी तुमच्या नावाने तुम्हाला पहिल्यांदा हाक मारली, आणि "हा" तुमच्या जागी तिने म्हटलं.